स्वभावाला औषध : ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांचे एक वाचन

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडचे टोक. घोडेगावहून निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घेत वर चढतो आणि सह्याद्रीच्या कड्यापाशी जवळजवळ संपतो. खाली मुरबाडकडचा कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, मागे भैरवनाथाची देवराई. भात निघत आलेला असतो तेव्हा दिवाळीची सुट्टी लागते आणि निरनिराळ्या आश्रमशाळांत, वसतिगृहांत शिकणारी पोरे पिशव्या घेऊन घरी येतात. माझे गाव याच खोऱ्यातले. गेली काही वर्षे या सुट्टीत संध्याकाळी चार पोरे जमवून मी काहीबाही वाचून दाखवतो. एके वर्षी ‘श्यामची आई’ घेतले होते. पोहण्याचे प्रकरण संपले, पोरे हसली. मग एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “काका, शाम होस्टेलला रडायचा तवा कोण यायचं?”

मी म्हणालो, “सांगतो पुढं.” पुढे सांगता आले नाही, कारण त्या दृष्टीने मी ते पुस्तक कधी वाचलेच नव्हते. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही आणि साहित्याचा प्राध्यापकही नाही. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून, पुण्याच्या ग्रंथालयांत सुट्टीच्या दिवशी बसून जे वाचले त्याच्या आधाराने लिहितो आहे.

माणसाचा स्वभाव कशाने घडतो याविषयी मराठी माणसाकडे दोन उत्तरे तयार असतात आणि ती एकमेकांना छेद देतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. एक म्हणजे ‘स्वभावाला औषध नाही’, ‘खाण तशी माती’. माणूस जन्मताच ठरलेला. दुसरे उत्तर ‘संस्कार’. आईने वळण लावले म्हणून मुलगा चांगला निघाला, लावले नाही म्हणून वाया गेला. पहिले उत्तर आपण दुसऱ्याच्या मुलासाठी वापरतो आणि दुसरे आपल्या मुलासाठी, तेही तो चांगला निघाला तर! या दुसऱ्या उत्तराचा प्रमाणग्रंथ म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत त्याचा बहुतेक भाग लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये आले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून मराठीत आई म्हणजे संस्कार आणि संस्कार म्हणजे आई, हे समीकरण पक्के झाले. समीक्षकांनी या पुस्तकावर भाबडेपणाचा आणि रडवेपणाचा शिक्का मारला, भक्तांनी त्याची पोथी केली. श्याम हा मुलगा कसा आहे, तो असाच का आहे, हे विचारायचे दोघांकडूनही राहून गेले.

पुस्तक नीट पाहिले तर श्याम जन्माने हळवा आहे. त्याला भावना पटकन येते, जोरात येते आणि लवकर ओसरत नाही. अंघोळ झाल्यावर तळपायांना माती लागू नये म्हणून तो हटून बसतो, आईला पदर पसरावा लागतो. त्याला पाण्याची भीती वाटते, अपमानाची वाटते, गरिबीची लाज वाटते, आणि लाज वाटल्याचीही पुन्हा लाज वाटते. त्याच आईच्या पोटी आलेल्या, तेच संस्कार झालेल्या इतर भावंडांबद्दल गुरुजी असे लिहीत नाहीत. म्हणजे आई एकच आणि मुले वेगवेगळी, हे त्या पुस्तकातच आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण इथे अगदी शास्त्रीय अर्थाने लागू पडते. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांसमोर नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास आणून पाहिले. साधारण पाचातले एक बाळ हातपाय झाडून रडू लागे. बरीच बाळे शांतपणे बघत राहत. चार महिन्यांच्या बाळावर कसले संस्कार झालेले असणार? पण पुढे वर्षानुवर्षे या मुलांचा माग काढल्यावर केगन यांना असेही दिसले की त्या रडणाऱ्या बाळांपैकी सगळीच भित्री झाली नाहीत. प्रकृती म्हणजे ओढा. निकाल नव्हे.

मग मधे काय घडते? इथे पोहण्याचे प्रकरण पुन्हा उघडावे लागते. श्याम पोहायला जायचे टाळतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत बाहेर काढते. तो रडत जातो, पाण्यात उतरतो, परत येतो. आई त्याला जवळ घेते, तिच्याही डोळ्यांत पाणी येते, त्याला खायला दही देते, आणि लोकांनी तुला भित्रा म्हटलेले मला चालणार नव्हते असे कारण सांगते. आपल्याकडे हे प्रकरण दोन तऱ्हांनी वाचले जाते. जुनी माणसे म्हणतात, पाहा, मारल्याशिवाय मूल सुधारत नाही. नवी म्हणतात, हा तर छळ झाला. मला दोन्ही वाचने अर्धवट वाटतात. मार वाईटच, त्याचे समर्थन करायला मी हा लेख लिहीत नाही. पण मारून झाल्यावर ती आई काय करते ते पाहावे. तुटलेला धागा ती त्याच दिवशी सांधते. मुलाचे दुःख खरे होते हे ती कबूल करते, स्वतःचेही दाखवते, आणि जे घडले त्याला शब्द देते. भीती म्हणजे काय, लाज म्हणजे काय, त्यातून बाहेर कसे पडायचे, हे मूल अशा वेळी शिकते. आधी मोठ्या माणसाच्या आधाराने मन शांत होते, मग ते शांत होणे हळूहळू मुलाचे स्वतःचे होते. भावनांचे नियमन हा जडशीळ शब्द मानसशास्त्र वापरते तो याच क्रियेसाठी. लहान मुलाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा भाग जन्मापासून कामाला लागलेला असतो. ती घंटा ऐकून ‘थांब, बघू’ म्हणणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला विशी उलटते. मधल्या काळात ‘थांब, बघू’ म्हणायला बाहेरचे कुणीतरी लागते.

ते कुणी नसेल तर काय होते, याची सर्वांत नेमकी मांडणी मला अमेरिकेच्या मार्शा लिनहॅन यांच्याकडे सापडली. सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणून जो ओळखला जातो, ज्यात माणूस नात्यांत टोकाला जातो, क्षणात जीव लावतो, क्षणात तोडतो, रिकामेपणाने तळमळतो, स्वतःला इजा करून घेतो, त्या विकारावर त्यांनी उपचारपद्धती उभी केली. १९९३ च्या त्यांच्या ग्रंथात सिद्धान्त आहे तो असा : जन्मतः तीव्र संवेदनशीलता आणि त्या संवेदनेला सतत खोटे ठरवणारे भोवताल, या दोहोंच्या रोजच्या घासाघाशीतून हा विकार घडतो. मूल म्हणते, दुखले. भोवताल म्हणते, काही दुखत नाही, नाटके बंद कर. मूल आणखी जोरात रडते, कारण हळू रडलेले ऐकू गेले नाही. मग भोवताल धावते. म्हणजे मूल दोन धडे शिकते : आपल्याला जे वाटते ते खरे नसते, आणि टोक गाठल्याशिवाय कुणी ऐकत नाही. ‘रडायला काय झालं?’, ‘पोरीसारखा रडतोस’, ‘एवढ्याशानं कुणी तोंड पाडतं का?’ अशी वाक्ये ज्या मराठी घरात बोलली गेली नाहीत असे घर मला माहीत नाही. पण शांत प्रकृतीच्या मुलाच्या अंगावरून ती ओघळून जातात, हळव्या मुलाच्या आत मुरतात. तरुणपणी आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो, हे लिनहॅन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यांच्या लेखनात रुग्णाविषयी जो कंटाळा कुठेच दिसत नाही, त्याचा उगम तिथे असावा, असे मला वाटते.

जीवशास्त्राच्या नावाने आपल्याकडे लिहिले जाते त्यात एक घोटाळा नेहमी असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता निम्म्याच्या आसपास निघते. लगेच लेख येतात की हा विकार ‘पन्नास टक्के जनुकांमुळे’ होतो. या आकड्याचा अर्थ तसा नाही. एका समाजातली माणसे एकमेकांपासून जी वेगळी असतात, त्या वेगळेपणापैकी किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो. भाताचे एकच बी एकाला चांगल्या खाचरात आणि दुसऱ्याला वरकस जमिनीत टाकले तर पिकातला फरक जमिनीचा असतो. जमीन सगळीकडे सारखी असली तर उरलेला फरक बियाणाचा दिसतो. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, वर्तमानपत्रांना लागते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनी यांच्या प्रयोगांनी तर या वादाची मांडणीच बदलली. काही उंदीरमाद्या पिलांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेली पिले मोठी झाल्यावर ताणाखाली लवकर सावरतात. संशोधकांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिले खूप चाटणाऱ्या माद्यांकडे दिली. ती पिले सांभाळणाऱ्या आईसारखी झाली. जनुके तीच, पण ती किती उघडायची किती मिटायची हे चाटण्याने ठरले. उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये हे खरे. तरी ज्या आईने जन्म दिला तीच हवी असे नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली.

आणि इथे मराठीतले दुसरे पुस्तक आठवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ‘श्यामची आई’च्याच काळातली, पहिला भाग १९३४ चा. दोन्ही बालपणाविषयी आहेत, दोन्ही घरात दारिद्र्य आणि प्रेम आहे. पण श्यामच्या गोष्टी रोज रात्री एका धड्यापाशी येऊन थांबतात. लक्ष्मीबाई धडा देत नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्या आपल्या वडिलांचे सोवळ्याचे वेड सांगतात. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने शिवाशिवीचा ध्यास घेतला. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, आणि त्यातून मीठ-साखरही सुटत नसे. आज एखादा डॉक्टर याला मंत्रचळ म्हणेल आणि गोळी लिहून देईल. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि हसता हसता वाचक थबकतो, कारण त्या घरातल्या बायकामुलांचे आयुष्य एका माणसाच्या भीतीभोवती फिरत होते. एक फाशी, तिचे वडिलांच्या मनावर उमटलेले भय, आणि त्या भयात वाढलेली मुलगी : पिढ्यांमधून दुःख कसे उतरते याचे इतके स्वच्छ चित्र मराठीत दुसरे नाही. पुढे तिला नवरा मिळाला तो नारायण वामन टिळक. कवी, उदार, शीघ्रकोपी, हातातले दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, न सांगता घरातून निघून जाणारा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा या बाईवर जे कोसळले ते तिने लिहिले आहे.

असे असूनही लक्ष्मीबाई मोडल्या नाहीत. का? ‘स्मृतिचित्रे’ त्याचे उत्तर देत नाहीत, पण साहित्य पुरवतात. एक म्हणजे प्रकृती. त्या मुळातच गमत्या होत्या, संकट आले की त्यांना त्यातली विसंगती आधी दिसे. दुसरे म्हणजे माणसे. आईबाप, नातेवाईक, शेजारी, नणंदा, पुढे नगरकडची माणसे, कुणी ना कुणी त्यांच्या बाजूने उभे आहे. आणि तिसरे, जे मला सर्वांत विलक्षण वाटते, त्यांच्या स्वतःच्या घरात पुढे कितीतरी परकी मुले वाढली. टिळकांच्या स्वभावाविषयी त्या कडवट होत नाहीत, त्याला पांघरूणही घालत नाहीत. माणूस चांगला आहे आणि त्याचा राग वाईट आहे, ही दोन्ही वाक्ये एका वेळी मनात धरून ठेवणे हे भावना सांभाळण्याचे सर्वांत अवघड काम असते. लिनहॅन यांची उपचारपद्धती रुग्णाला नेमके हेच शिकवू पाहते. समीक्षेत आपण लक्ष्मीबाईंच्या विनोदाची ‘सहज’ म्हणून वाखाणणी करतो. मला तो सहज वाटत नाही. तो कमावलेला आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. श्याम वसतिगृहात रडायचा तेव्हा कोण यायचे? पांडुरंग साने शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असे फिरले. औंधला हाताने रांधून खाल्ले, पैसे नसत. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा ते जवळ नव्हते. पोचले तेव्हा सारे संपलेले होते. पुस्तकाचा शेवट आपल्याला रडवतो तो याच कारणाने. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण आईच्या सहवासाचे पुस्तक म्हणतो ते खरे तर आईपासून दूर राहिलेल्या मुलाने, आई गेल्यावर सोळा वर्षांनी, कोठडीत बसून लिहिलेले पुस्तक आहे. रडण्याला तेव्हा कुणी आले असेल-नसेल. पण मोठेपणी त्यांनी काय केले हे नोंदलेले आहे. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडायच्या, पसरलेले कपडे घड्या करून ठेवायचे, आजारी मुलापाशी रात्री बसायचे, आणि मुलांसाठी रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. १९३० मध्ये सत्याग्रहात जाईपर्यंत हे चालले. आपण पालगडच्या आईची मंदिरे बांधली. अमळनेरच्या या गृहपालाकडे मात्र चरित्रातला एक हृद्य प्रसंग म्हणून पाहून पुढे गेलो. माझ्या मते गुरुजींच्या आयुष्यातले सर्वांत विचारप्रवर्तक पान तेच आहे. आई नसलेल्या जागी आईचे काम पगारी माणूस करू शकतो, हे त्यांनी सहा वर्षे करून दाखवले.

शास्त्राने पुढे या गोष्टीला दुजोराच दिला. एमी वर्नर यांनी हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा दशकानुदशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुले धडधाकट मनाची निघाली. त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे एखादे टिकून राहिलेले मोठे माणूस : आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. उलट बाजू रुमानियाची. तिथल्या अनाथालयांत खाणे, कपडे, छप्पर होते. पाळ्या बदलणाऱ्या आयांमुळे ठरलेले माणूस नव्हते. २००० पासून बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात काही मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालक-कुटुंबांत दिली गेली. ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली अधिक सुधारली.

आमच्या खोऱ्यात सहा वर्षांचे मूल आश्रमशाळेत जाते. त्याला पर्याय नव्हता आणि बहुतेक वाड्यांना अजूनही नाही. शाळांमुळे आमची एक पिढी शिकली, त्यात मीही आलो. म्हणून ‘मुलांना आईपासून तोडले’ असे शहरी हुंदके मला पटत नाहीत. माझा प्रश्न साधा आहे. शंभर-दोनशे मुलांमागे एक अधीक्षक असेल, तोही बदलीवर, तर हळव्या मुलाच्या वाट्याला त्याचे किती येईल? शांत प्रकृतीची पोरे निभावतात. उरलेल्यांच्या नावापुढे शेरा पडतो.

तो शेरा माझ्याही नावापुढे पडला होता. सातव्या वर्षी मी एका वसतिगृहात गेलो. त्याच वर्षी माझी आजी वारली. हिरडा गोळा करायला मला पाठीशी बांधून नेणारी, तीच माझे सगळे होती. निरोप आला होता, पण पोराचा अभ्यास बुडेल म्हणून मला आठ दिवस सांगितला नाही. कळले त्या दिवशी मी एका मुलाच्या डोक्यात पाटी घातली. का घातली हे कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला सांगता आले नसते. प्रगतिपुस्तकात आले : स्वभाव तापट. पुढची कित्येक वर्षे मी त्या दोन शब्दांप्रमाणे वागलो. लग्नानंतर बायकोने एकदा शांतपणे विचारले, “तुम्ही चिडता त्याच्या आधी तुम्हाला काय होतं?” तेव्हा मी चाळिशीत होतो.

३० जुलै २०१४ रोजी शेजारचे माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. शिकायला बाहेर राहिलेली काही मुले त्यामुळेच वाचली आणि परत जायला त्यांना घर उरले नाही. घरे पुढे बांधून झाली, नवे गाव वसले; त्याचे फोटो छापून आले. त्या मुलांपैकी कोण हळवे होते, कोण गप्प झाले, कोण ‘तापट’ ठरले, याचे चित्र मराठी साहित्यात अजून आलेले नाही. आत्मकथनांची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेत ते यायला हवे, आणि ते ‘श्यामची आई’च्या वाटेने न येता ‘स्मृतिचित्रां’च्या वाटेने यावे असे मला वाटते. दोष कुणाचा हे आधी ठरवून लिहिले की मुलाचे मन दिसत नाही.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले आयुष्य संपवले. त्यांच्यावर कुठल्याही विकाराची चिठ्ठी डकवण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. गेलेल्या माणसाचे निदान करणे हा समीक्षेतला सर्वांत स्वस्त खेळ आहे. तसेही २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांची जुनी नावे बहुतेक गेली आहेत. त्रास किती तीव्र आहे याला महत्त्व आले आहे. पण ज्यांना वाटते की आईच्या संस्कारांनी सारे काही साधते, त्यांनी या तारखेसमोर थोडे थांबावे. आणि ज्यांना वाटते की हळवा स्वभाव म्हणजे दुबळेपणा, त्यांनी १९४७ च्या मे महिन्यातल्या पंढरपूरच्या उपोषणासमोर थांबावे. विठ्ठलाचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून जिवावर उदार होण्याचे बळ त्याच हळवेपणातून आले होते. ज्या माणसाने इतक्या मुलांच्या रडण्याला ‘काय झालं?’ विचारले, त्याला शेवटच्या वर्षांत कोण विचारत होते, हे मी अजून शोधतो आहे.

सुट्टी संपली की पोरे सकाळच्या एसटीने परत जातात. त्या वर्षीही गेली. ती मुलगी खिडकीपाशी बसली होती. तिला मी सांगितले, “श्याम मोठा झाला आणि स्वतःच होस्टेलचा सर झाला. रात्री कुणी रडलं की तो उठून यायचा.”

तिने जरा विचार केला. म्हणाली, “आमच्यात मी उठते. बारकी पोर हाय एक, पयलीतली. तिला माझ्याच गोधडीत घेते.”

गाडी सुटली.